घाट चालू होता: अस्वस्थ वाटणं टाळण्याची किंमत

(एपिसोडचं लिखित रूप. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' आणि मागून येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या गाळल्या आहेत.)

  

आजचा विषय खूप जणांनी सुचवला होता, 'कम्फर्ट झोन'मधून बाहेर कसं पडायचं. खरं सांगायचं तर मी हा विषय बरेच महिने टाळत होतो. यावर इतकी रील्स आहेत की अजून एक कशाला? पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, संकटं माणसाला घडवतात वगैरे वगैरे. पण टाळण्याचं खरं कारण वेगळं होतं. या विषयावर बोलायचं तर मला एक गोष्ट कबूल करावी लागणार होती. ती आधीच सांगून टाकतो.

जुलै २०२३. माझी आजी चिपळूणला घरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं. बाबांचा फोन आला, "येतोयस ना?" मी पुण्यात होतो. बाहेर पाऊस होता, कोकणाला रेड अलर्ट होता. मी म्हटलं, "बाबा, कुंभार्ली घाट बंद आहे म्हणे."

घाट चालू होता. मला माहीत होतं, आणि चिपळूणमध्ये बसलेल्या बाबांनाही माहीत होतं. त्यांच्यासमोर कराडहून एसट्या येत होत्या. ते फक्त म्हणाले, "बरं."

आजी बरी झाली, आता वॉकर घेऊन सगळ्यांवर हुकूम चालवते. पण ते "बरं" काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. आजचा एपिसोड त्या "बरं"बद्दल आहे.

२२ जुलै २०२१

जे कोकणाबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. चिपळूण वाशिष्ठी नदीच्या काठावर आहे. शहराच्या मधून शिव नदी वाहते, ती वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीत जाते. त्यामुळे वरून पाऊस आणि खालून समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला जागा राहत नाही. शिवाय कोयनेची वीज तयार करून झाल्यावर ते पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं. चिपळूणकरांना पूर नवा नाही. २६ जुलै २००५चा पूर मी लहान असताना पाहिलाय. आमच्या घरच्या भिंतीवर त्या पाण्याची खूण बाबांनी पेन्सिलीने करून ठेवली होती.

२०२१मध्ये वर्क फ्रॉम होम चालू होतं म्हणून मी घरीच होतो. आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, तळमजला आणि वर एक मजला. २२ तारखेला पहाटे आईने उठवलं तेव्हा अंगणात पाणी होतं. "आधी आजीला वर ने," एवढंच ती म्हणाली. मग गॅसची शेगडी, तांदळाचा डबा, देव आणि माझा लॅपटॉप वर गेला. फ्रिज हलवायचा विचार करेपर्यंत तो तरंगायला लागला होता. पाणी बाबांच्या पेन्सिलीच्या खुणेच्या वर गेलं आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा व्हायला लागल्या. लाईट गेली, मग नेटवर्क गेलं. दहा वाजता माझा स्टँडअप कॉल होता. मला आठवतंय, मी बंद पडलेल्या फोनकडे बघून खरंच विचार केला, 'कळवायला हवं होतं.' माणसाचं डोकं अशा वेळी काहीही करतं.

त्या दिवशी चिपळूणच्या एसटी आगारातले कर्मचारी तासन् तास बसच्या टपावर आगाराची रोकड सांभाळत बसले होते. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकलं होतं. आमच्या घरी ते जिन्याच्या वरून चौथ्या पायरीवर थांबलं. रात्रभर मी त्या पायरीवर टॉर्च मारत बसलो होतो.

नंतर महाराष्ट्रभरातून मदत आली. लोकांनी आमच्याबरोबर चिखल उपसला. आणि त्याच दिवसांत मी एक वाक्य शंभर वेळा ऐकलं, "अशा प्रसंगातूनच माणूस कणखर होतो."

मंडळी, मी नाही झालो कणखर. मी घाबरट झालो. पुराने मला काही शिकवलंच असेल तर ते इतकंच, की पाऊस म्हणजे धोका. म्हणून 'अस्वस्थता माणसाला घडवते' हे वाक्य कोणी सरसकट फेकलं की मला राग येतो. कोणती अस्वस्थता, कोणी निवडलेली, किती आणि सुटायला वाट आहे का, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

टाळाटाळीचं लूप

मग मी पुण्याला ऑफिसात रुजू झालो. त्यानंतरचे पावसाळे कसे गेले ते सांगतो.

मे संपला की फोनवर हवामानाची तीन अॅप. कोयनेचा पाऊस किती, पोफळीला किती, आज भरती किती वाजता. गावच्या चार व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा प्रत्येक व्हिडिओ. रात्री दर तासाला बाबांना फोन, "पाणी किती आलंय?" बाबा म्हणायचे, "अरे साधा पाऊस पडतोय, झोप की!" जून ते सप्टेंबर घरी जाणं बंद. कोकणातल्या माणसाने गणपतीला घरी न जाणं म्हणजे काय, हे कोकणवाल्यांना सांगायला नको. २०२२ला गेलो आणि दीड दिवसात परत आलो. आमचा गणपती पाच दिवसांचा असतो. कारण काय सांगितलं? "रिलीज आहे." आमच्या धंद्यात हे फार सोयीचं आहे, कायम कुठलं तरी रिलीज असतंच.

यात काय चाललं होतं ते बघा. घरी जायचा विचार आला की छातीत धडधड. 'जाऊ दे, नको' असं ठरवलं की धडधड थांबायची. ते सुटल्यासारखं वाटणं हेच बक्षीस. ज्या गोष्टीला बक्षीस मिळतं ती मेंदू पुन्हा करतो, त्यामुळे पुढच्या वेळी टाळणं अजून सोपं जातं. आणि मी गेलोच नाही, तर गेल्यावर काय झालं असतं हे मेंदूला कळणार कसं? त्याच्याकडे शेवटचा डेटा २२ जुलैचाच. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅशे कधी रिफ्रेशच झाली नाही.

तुमच्याकडे पूर नसेल, पण लूप हेच असेल. मीटिंगमध्ये शंका असते पण म्यूट काढत नाही, कारण इंग्रजी अडखळेल. फोन वाजतो, आपण तो वाजू देतो आणि मग मेसेज टाकतो, 'बोल ना, काय काम होतं?' घरी एक गोष्ट सांगायची असते, ती 'योग्य वेळ' येईपर्यंत राहते. प्रत्येक वेळी दोन मिनिटं बरं वाटतं आणि आपलं जग बोटभर लहान होतं. हे बोटभर असल्यामुळेच लक्षात येत नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा त्यातून गणपती गेला होता, आणि मी आजीच्या ऑपरेशनला गेलो नव्हतो.

एलिस, फडके आणि 'मला सहनच होत नाही'

त्या "बरं"नंतर काही दिवसांनी टीममधल्या एका मित्राला मी हे सगळं सांगितलं. त्याने मला एक पुस्तक आणून दिलं, अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही चरित्रात्मक कादंबरी. मराठीत मानसशास्त्र वाचणाऱ्यांना हे नाव माहीत असेल. बाकीच्यांसाठी सांगतो.

अल्बर्ट एलिस हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, जन्म १९१३, मृत्यू २००७. १९५५च्या सुमाराला त्यांनी स्वतःची उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिला मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. आपल्याकडे ती रुजवण्याचं फार मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. त्यांनी एलिसना पत्र लिहिलं आणि तो पत्रव्यवहार पुढे तीन दशकांहून जास्त चालला. आज आपण ईमेलला दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर चिडतो, त्यात हा माणूस टपालाने वादविवाद करत शिकत होता.

एलिस १९ वर्षांचे असतानाचा एक किस्सा ते स्वतः सांगायचे. त्यांना मुलींशी बोलायची प्रचंड भीती. मग त्यांनी ठरवलं की महिनाभर घराजवळच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं, बाकावर एकटी स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. अशा १३० जणी झाल्या. ३० उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी बोलणं झालं. त्यातल्या एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. हिशोब केला तर शंभर टक्के अपयश. पण भीती मात्र गेली, कारण ज्याची भीती होती ते सगळं होऊन गेलं आणि तरी आभाळ कोसळलं नाही.

(इथे एक सूचना. हा किस्सा १९३०च्या दशकातला आहे. आज अनोळखी बाईच्या शेजारी जाऊन असं करू नका. आपल्या प्रगतीसाठी दुसऱ्याला अस्वस्थ करणं यात बसत नाही.)

एलिस यांचा मला सगळ्यात उपयोगी पडलेला मुद्दा असा. आपण दोन प्रकारांनी घाबरतो. एक म्हणजे 'मी नालायक ठरेन' ही भीती. दुसरी जास्त लपलेली असते, 'मला अस्वस्थ वाटेल, आणि ते अस्वस्थ वाटणं मला सहनच होणार नाही.' म्हणजे भीती मूळ गोष्टीची कमी आणि स्वतःच्या धडधडीची जास्त. एलिस यांनी तर या 'सहनच होत नाही'ला गमतीने एखाद्या आजारासारखं नाव दिलं होतं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. 'मला हे आवडत नाही' हे खरं आहे, 'मला हे सहनच होणार नाही' हे बहुतेक वेळा खोटं असतं. कारण आजवर जे जे 'सहन होणार नाही' म्हणालात ते सहन करूनच तुम्ही इथपर्यंत आलात.

मी स्वतःला विचारलं, जुलै २०२३मध्ये चिपळूणला पूर आला असता का? शक्यता होती, पण नेहमीच्या पावसाळ्यात असते तितकीच. मग मी कशापासून पळालो? रात्री पत्र्यावर पाऊस वाजताना अंथरुणात जागं पडून राहण्यापासून. तेवढ्यासाठी मी आजीच्या ऑपरेशनला गेलो नाही. हे नुसतं कागदावर लिहिलं तेव्हासुद्धा मला घाम फुटला होता.

धोका वेगळा, अस्वस्थता वेगळी

आता इथे बरेच लोक दुसऱ्या टोकाला जातात. 'भीती वाटते ना? मग तेच कर! थेट उडी मार!'

मला पाण्याची भीती बसली होती आणि पोहता येत नव्हतं. मग मी वाशिष्ठीत उडी मारायची का? मंडळी, वाशिष्ठीत मगरी आहेत. अक्षरशः. २०२४मध्ये रात्रीच्या पावसात चिपळूणच्या रस्त्यावरून मगर चालतानाचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. तिथे उतरणं याला धैर्य म्हणत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न हा: यात मला खरी इजा होऊ शकते का, की फक्त वाईट वाटणार आहे? मीटिंगमध्ये अडखळणं ही अस्वस्थता. हेल्मेटशिवाय बाईक चालवणं हा धोका. पोहायच्या तलावात प्रशिक्षकासमोर डोकं बुडवणं ही अस्वस्थता. वाढ पहिल्या प्रकारात असते. दुसऱ्या प्रकारात फक्त नशीब असतं.

आमच्या क्षेत्रात याचं एक छान उदाहरण आहे. २००८मध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस त्यांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तेव्हा ते डीव्हीडी पोस्टाने पाठवायचे. त्यानंतर ते क्लाउडवर गेले आणि त्यांनी 'केऑस मंकी' नावाचं टूल बनवलं. ते काय करायचं? चालू सिस्टीममधले सर्व्हर आपल्याच हाताने, मध्येच बंद पाडायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण ते हे कधी करायचे? ऑफिसच्या वेळेत, इंजिनियर जागेवर असताना. म्हणजे बिघाड लहान, वेळ आपण निवडलेली, मदत हाताशी. रात्री तीन वाजता मोठा बिघाड होण्याआधी दुपारी तीन वाजता छोटा बिघाड स्वतः करून बघायचा.

२२ जुलै हा माझ्यासाठी रात्री तीनचा बिघाड होता. त्यातून शिकण्याइतकं डोकं ठिकाणावरच नव्हतं. मला दुपारी तीनचे बिघाड हवे होते.

माझी शिडी

मानसशास्त्रात याला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं म्हणतात. कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत एक यादी करायची आणि खालच्या पायरीपासून सुरुवात करायची. प्रत्येक पायरीला शून्य ते दहा असे भीतीचे मार्क द्यायचे. माझी यादी अशी होती:

पावसाची सूचना देणारी अॅप काढून टाकणं: ४.
रात्री बाबांना फोन न करणं: ६.
पोहायला शिकणं: ७.
जुलैमध्ये चार दिवस घरी राहणं: ९.

एक नियम मला फार उपयोगी पडला, तो म्हणजे आधी अंदाज लिहायचा. 'भीती वाटेल' असा मोघम नको, तर तपासता येईल असा. कारण मेंदूला 'हिंमत ठेव' सांगून फरक पडत नाही. त्याचा अंदाज त्याच्या डोळ्यांदेखत चुकावा लागतो.

पोहायच्या पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं, 'डोकं पाण्याखाली गेलं की तीन सेकंदांत गुदमरेन, सगळ्यांसमोर ओरडेन आणि सगळे हसतील.' पुण्यात पोहण्याच्या तलावावर सकाळची मोठ्यांची बॅच. मी २६ वर्षांचा, शेजारी साठीचे एक काका आणि पलीकडे सहा-सात वर्षांची पोरं धडाधड उड्या मारतायत. सर म्हणाले, "तोंडाने श्वास घे, पाण्यात नाकाने फुगे सोड." मी डोकं बुडवलं. पाण्याला क्लोरीनचा वास होता, पण मला वास आला तो पुराच्या चिखलाचा. चार सेकंदांत वर आलो, खोकत. ओरडलो नाही. आणि हसलं कोणीच नाही, कारण कोणी बघतच नव्हतं. काका स्वतःच्या नाकात गेलेल्या पाण्याशी झगडत होते.

घरी जाऊन वहीत लिहिलं: 'अंदाज तीन सेकंद, ओरडणं, हसणं. झालं ते चार सेकंद, खोकला.' अगदीच किरकोळ. पण तो तीन वर्षांतला माझा पहिला नवा डेटा होता.

दुसरा धडा बारचा. दहा-बारा दिवस मी काठाचा बार धरून पाय मारत होतो आणि म्हणत होतो, जमतंय की! सर म्हणाले, "बार पोहतोय, तू नाहीस." टेस्टमध्ये सगळंच मॉक केलं की टेस्ट पास होते, पण प्रॉडक्शनमध्ये काय होईल हे कळत नाही, तसंच हे. आपण अस्वस्थ ठिकाणी जातो खरे, पण कुठला तरी बार धरून. पार्टीत जातो आणि सगळा वेळ फोनमध्ये. प्रेझेंटेशन देतो आणि स्लाइड वाचून दाखवतो. मग मेंदू म्हणतो, 'वाचलो ते फोनमुळे.' बार सोडल्याशिवाय आपल्याला येतंय हे आपल्यालाच कळत नाही.

बार सोडला त्या दिवशी बुडालो, पाणी प्यायलो, घरी जायचं ठरवलं, आणि काकांनी हात केला म्हणून थांबलो. महिन्याच्या शेवटी पाठीवर तरंगता यायला लागलं. तरंगायचं म्हणजे खरं तर काही करायचंच नसतं, अंग सैल सोडायचं. जितकं धडपडाल तितकं खाली जाता.

जुलैमधला पाऊस

जुलै २०२४. चार दिवस रजा न घेता, चिपळूणहून काम करायचं ठरवून गेलो. कुंभार्लीतून उतरताना धुकं इतकं की पुढच्या एसटीचा फक्त मागचा लाल दिवा दिसत होता. भीतीचे मार्क ८.

आईने दार उघडलं. आजी आतून ओरडली, "कोण? आलास होय? पाऊस लागतो ना तुला?" तिला सगळं माहीत होतं तर!

पहिल्या रात्री पाऊस लागला. वहीत लिहिलेला अंदाज होता, 'झोप येणार नाही, एक वाजता मी सगळ्यांना उठवून वर न्यायला लागेन.' झोपण्याआधी बाबांबरोबर मी काय काय करायचं ते करून घेतलं. कागदपत्रं वरच्या मजल्यावर, टॉर्च आणि पॉवर बँक चार्ज, गाडी उंचावरच्या रस्त्याला लावलेली. आणि मग फोन आईच्या खोलीत ठेवला.

इथे एक फरक सांगतो. तयारी करणं आणि पुन्हा पुन्हा खात्री करून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयारी संपते. यादी झाली की झाली. 'पाणी किती आलंय' हे बघणं मात्र कधीच संपत नाही, कारण दहा मिनिटांनी पुन्हा शंका येते.

अकरा वाजता ९. बारा वाजता ९. एकला उठून जिन्यापर्यंत गेलो, टॉर्च हातात होता, लावला नाही, परत आलो. दोन वाजता ७. धडधड चालू होती पण मला आता तिचा कंटाळा आला होता. तिचं एकच म्हणणं, तेच तेच. साधारण तीनला झोप लागली. सकाळी उठलो तर पाऊस पडतच होता, अंगणात पाणी साचलं होतं, नेहमीसारखं, घोट्याएवढं. चौथ्या रात्री मार्क ४ होते. शून्य कधीच झाले नाहीत. आजही होत नाहीत. पण चारवर माणूस जेवतो, काम करतो, आजीबरोबर पत्ते खेळून हरतो.

अवघडलेपण हीच खूण

याला थोडा संशोधनाचा आधारही आहे. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख या दोन संशोधकांचा एक अभ्यास २०२२मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आला. त्यातला एक प्रयोग शिकागोच्या 'सेकंड सिटी' या नाट्यसंस्थेच्या वर्गांमध्ये झाला. तिथे ऐनवेळी सुचेल तसा अभिनय शिकवतात. काही विद्यार्थ्यांना सांगितलं, 'तुम्हाला अवघडल्यासारखं वाटायला हवं, तेच आजचं उद्दिष्ट. ते वाटलं म्हणजे व्यायाम लागू पडतोय.' बाकीच्यांना असं काही सांगितलं नाही. पहिल्या गटातली मुलं रंगमंचावर जास्त वेळ टिकली आणि त्यांनी जास्त धाडसी गोष्टी करून पाहिल्या.

व्यायाम तोच, अवघडलेपणही तेच. फरक फक्त त्याचा अर्थ काय लावायचा यात. आपण धडधडीला 'थांब' असा सिग्नल समजतो. तिला 'काम चालू आहे' असा सिग्नल समजलं तर माणूस जरा जास्त वेळ थांबतो. आणि जास्त वेळ थांबला की अंदाज चुकायला संधी मिळते.

सगळंच सहन करायचं नसतं

आता या विषयावरच्या रील्समध्ये जे क्वचितच सांगतात ते.

पुरानंतर चिपळूणकर 'अस्वस्थता स्वीकारू या' म्हणून गप्प बसले नाहीत. वाशिष्ठी आणि शिव नदीत साचलेला गाळ काढा, या मागणीसाठी चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१मध्ये साखळी उपोषण सुरू केलं. पुढे नदीतला गाळ निघायला लागला. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४पासूनचं. २००५च्या पुरात तिथली पुस्तकं भिजली, २०२१ला पुन्हा भिजली. लोकांनी दोन्ही वेळा ते उभं केलं.

म्हणून माझ्या डोक्यात आता दोन रकाने आहेत, पाणी आणि गाळ. पाणी म्हणजे ज्यात उतरूनच शिकता येतं: बोलणं, मागणं, नाही म्हणणं, चुकणं. गाळ म्हणजे जो उपसायचाच असतो: अपमान करणारा बॉस, फुकट राबवून घेणारी इंटर्नशिप, घरातली मारहाण, न मिळालेला पगार. गाळातल्या माणसाला 'कम्फर्ट झोनमधून बाहेर पड' म्हणणं हा क्रूरपणा आहे. आणि कोणी तुम्हाला 'थोडं सहन कर, घडशील' म्हणत असेल, तर एकदा बघा की तुमच्या सहन करण्यातून फायदा कोणाचा होतोय.

अजून एक. माझी भीती त्या मानाने हलकी होती. तुम्हाला जुना प्रसंग दिवसाढवळ्या पुन्हा डोळ्यांसमोर दिसत असेल, महिनोन् महिने झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ही शिडी एकट्याने चढू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मीसुद्धा पोहायला सर शोधले होतेच ना? सरकारची 'टेलिमानस' ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं.

या आठवड्यात

गृहपाठ, नेहमीप्रमाणे छोटा.

एक, तुम्ही टाळत असलेल्या पाच गोष्टी लिहा. प्रत्येकीपुढे 'पाणी' की 'गाळ' ते लिहा. दोन, 'पाणी'वाल्यांपैकी तीन-चार मार्कांची एक निवडा. नऊची नको. तीन, करण्याआधी अंदाज लिहा, नंतर झालं काय ते लिहा. चार, तुमचा बार कोणता ते ओळखा आणि एकदा तो सोडून बघा. मग तीच गोष्ट दोन दिवसांनी पुन्हा करा, कारण एका टेस्टवर कोणी रिलीज करत नाही.

माझ्या यादीत एक पायरी राहिली होती, ती मी सांगितली नव्हती. तिला मी दहा मार्क दिले होते. चिपळूणहून निघायच्या दिवशी बाबा मला स्टँडवर सोडायला आले. गाडीला वेळ होता. मी म्हटलं, "बाबा, आजीच्या वेळी घाट बंद नव्हता."

बाबा म्हणाले, "माहितेय."

थोडा वेळ आम्ही दोघंही समोरच्या एसट्या बघत बसलो. मग ते म्हणाले, "यंदा गणपतीला पाच दिवस ये. मखर मला एकट्याला जमत नाही आता."

गेलो. पाच दिवस. मखर वाकडं झालं, पाऊसही पडला.

चला मंडळी, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमचा अंदाज आणि झालं काय, हे दोन ओळींत नक्की कळवा. काळजी घ्या.